जिप्सी उंच करण्याआधी

पत्र

"आमच्या घरी सासऱ्यांची १९९९ सालची मारुती जिप्सी किंग आहे. कार्ब्युरेटरवाली, सॉफ्ट टॉप. मानपूरजवळ आमचं शेत आहे, बाबा वर्षानुवर्षं तिच्यातूनच तिकडे जायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागले तशी गाडी शेडमध्ये उभी राहिली. आर.सी. २०२९ पर्यंत रिन्यू आहे. आता मी आणि माझे यजमान ती ऑफ-रोडिंगसाठी तयार करायची म्हणतोय. गॅरेजवाल्याने यादी दिली: चार इंच लिफ्ट, ३१ इंची टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), एलईडी बार. आमच्याकडे दोन लाख आहेत. सध्या गाडी पन्नासच्या पुढे गेली की स्टीअरिंग जोरात थरथरतं. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला काळं तेल दिसतं. फोर व्हील लावलं तर लिव्हर परत निघता निघत नाही. पुढचे टायर नवे आहेत, मागचे जुने. गॅरेजवाला म्हणतो, लिफ्टच्या कामात हे सगळं निघून जाईल. बाबा म्हणतात, गाडीला हात लावू नका. आमची सात वर्षांची मुलगी मात्र मागच्या बाकावर बसून निघायला केव्हाची तयार आहे. काय करावं?"

— मृ. श., सुदामा नगर, इंदूर

उत्तर

ताई, त्या यादीतलं एकही काम आत्ता करू नका. आधी थरथरणारं स्टीअरिंग. ते बरं होत नाही तोवर गाडी शेतातही जोरात चालवू नका, आणि बायपासवर तर अजिबात नेऊ नका.

लिफ्टच्या कामात हे निघून जाईल असं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते उलटं आहे. लिफ्टने आणि जड टायरने ही थरथर वाढते. जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना एक गुळगुळीत गोळा असतो आणि त्यावर नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, फिरतो. नकलला वर एक आणि खाली एक अशी दोन छोटी टेपर बेअरिंग असतात, किंगपिनची. तुम्ही स्टीअरिंग वळवता तेव्हा चाक या दोन बेअरिंगवर वळतं. गोळ्याच्या आत सी.व्ही. जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा, ग्रीसमध्ये बसलेला असतो. अ‍ॅक्सलच्या नळीतलं डिफरन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) तेल या ग्रीसमध्ये येऊ नये म्हणून आत एक सील असतो, आणि ग्रीस बाहेर जाऊ नये, चिखल-पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून एक मोठा सील. आतला सील गेला की तेल ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या सीलमधून झिरपायला लागतं. चाकाच्या आतल्या बाजूचं काळं तेल ते हेच. आणि जिथून ग्रीस बाहेर येतं तिथूनच पाणी आत जातं. खालच्या बेअरिंगला पाणी लागून गंज चढतो, रोलर एकाच जागी बसून खड्डे पाडतात, आणि पुढे एका विशिष्ट वेगाला रस्त्यावरचा बारीकसा धक्काही दोन्ही चाकांना थरथरवायला पुरतो.

हे घरी तपासता येतं. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर यजमानांना ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टाय रॉड एंड बघायचे. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर कुठलाही मिस्त्री तुम्हाला वाटेल ते सांगू शकणार नाही.

दुरुस्ती करताना दोन्ही बाजू एकदम उघडा. चारही किंगपिन बेअरिंग, आतले-बाहेरचे सील नवे. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर आधी बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करून घ्या, नाहीतर नवा सील पहिल्याच पावसाळ्यात कापला जाईल. बेअरिंगचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) बसवतात आणि स्प्रिंग काट्याने नकल ओढून मोजतात. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. थरथरीवर तगडा स्टीअरिंग डॅम्पर लावून देणारेही भेटतील. डॅम्परने थरथर दबते, बेअरिंग आत तसंच झिजत राहतं. या सगळ्याचा खर्च लिफ्ट किटच्या मानाने किरकोळ आहे. चाकं उघडलीच आहेत तर ब्रेकचे रबरी होजही बदला. जुने होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून बंद होतात.

आता लिव्हर. ती अडकते याचं कारण बहुधा तुमच्या टायरमध्ये आहे. जिप्सीला मधलं डिफरन्शियल नाही. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि दोघांना सारखंच फिरावं लागतं. नव्या टायरला आठ मिलिमीटर खाच असते आणि तुमच्या मागच्यांना दोन उरली असेल, तर चाकाच्या परिघात जवळपास चार सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरमागे साधारण १८ मीटर. पुढची चाकं आणि मागची चाकं एकाच रस्त्यावर १८ मीटर वेगळं अंतर कापू बघतात. मातीत चाक घसरून हा हिशोब मिटतो. डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, गिअर एकमेकांवर आवळले जातात आणि लिव्हर निघत नाही. वळणावर तर चारही टायर सारखे असले तरी हे होतं, कारण पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधीच लावायचं नाही. अडकलीच तर जोर लावू नका, स्टीअरिंग सरळ ठेवून दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते. चारही टायर एकसारखे टाकल्यावरही अडकत राहिली तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) उघडायची, त्याआधी नाही.

चासिस स्वतः बघा. आपल्याकडची काळी माती चासिसच्या पोकळ पेट्यांत शिरते आणि उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवते, म्हणून गंज आतून बाहेर येतो. छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. जिथे टणक आवाज येतो तिथे लोखंड आहे, जिथे आवाज बसका येतो तिथे थांबा. पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर जिथे चासिसला जोडलेत ती जागा, मागचा आडवा मेंबर आणि बॉडी माउंट, या तीन ठिकाणी जास्त वेळ द्या. फ्लोअरला पॅच मारलेला चालतो. हँगरजवळ मात्र चासिसचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय कुणाला वेल्डिंग करू देऊ नका.

गाडी इतकी वर्षं उभी होती म्हणून पेट्रोलची टाकी उतरवून आतून साफ करा आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप व कार्ब्युरेटरचं किट बदला. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं असतं. १९९९ सालचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो. गरम इंजिनवर पाझरणारा पेट्रोलचा पाइप हा आगीचा धोका आहे, यात काटकसर नको.

इतकं झालं की दोन लाखांतला मोठा वाटा संपलेला असेल. तो वाया गेला असं वाटून घेऊ नका. ही गाडी रिकामी असताना साधारण एक टनाची आहे, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, पुढे-मागे बॉडी कमी बाहेर आलेली आणि लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) असलेली. शेजारी महू असल्यामुळे लष्कराच्या जिप्सी आपण इंदूरकर लहानपणापासून बघत आलोय, आणि त्या याच पाट्यांवर आणि याच उंचीवर नको नको त्या जागी जाऊन येतात. धड चालणारी मूळ जिप्सी मानपूरच्या कुठल्याही शेतवाटेला पुरून उरते. आपल्याकडे उंच केलेल्या गाड्या अडकतात त्या बहुतेक वेळा उंची कमी पडली म्हणून नव्हे, एखादा सील, एखादं बुश किंवा चालवणाऱ्याची घाई आडवी आली म्हणून.

आता उंचीचं गणित, कारण या प्रश्नावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पाट्यांनी किंवा शॅकलने (पाटा चासिसला जोडणाऱ्या कडीने) गाडी चार इंच उचलली तर बॉडी आणि चासिस चार इंच वर जातात. अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधोमध लटकणारा डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथे राहतो. वाटेतला दगड आधी त्यालाच लागतो. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, टायर. पत्रासोबतच्या फोटोत तुमच्या टायरवर २०५/७० आर १५ लिहिलेलं दिसतं, म्हणजे व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. ३१ इंची टायर ७८७ चा. वाढीच्या निम्मी उंची अ‍ॅक्सलला मिळते, म्हणजे सहा सेंटिमीटर. ऐकायला छान आहे. पण त्या टायरने गिअरिंग जवळपास १८ टक्क्यांनी उंच होतं. तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या १.३ लिटर इंजिनकडे मुळात ६० हॉर्सपॉवर, आणि चढावर, दगडांवर जिथे गोगलगाईच्या वेगाने जायचं असतं तिथे ते बंद पडायला लागेल. मग तुम्ही क्लच अर्धा दाबून चालवाल आणि क्लच जाईल. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी सत्तरच्या पुढे असेल, त्याच ब्रेकवर. फेंडर कापावे लागतील. पुढचे सी.व्ही. जॉइंट या वजनासाठी केलेलेच नाहीत, स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असताना चाक अडकलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते तुटतात. आणि ज्या किंगपिनबद्दल आपण बोलत होतो त्यांच्यावर हे सगळं येऊन पडतं.

माझं मत विचाराल तर २१५/७५ आर १५ घ्या, ऑल टेरेन, पाचही नवे, स्टेपनीसकट. हे बोलेरोचं माप आहे, त्यामुळे मानपूर, धामनोद, कुठेही टायर मिळेल. व्यास ७०३ च्या आसपास. अ‍ॅक्सलला जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर मिळतात, गिअरिंग फक्त पाच टक्क्यांनी बदलतं, काही कापावं लागत नाही. तेवढं तुम्हाला पुरेल.

उंची हवीच असेल तर जी मूळची होती ती आधी परत मिळवा. पंचवीस वर्षांत पाटे बसलेले असतात. सगळे पाटे उतरवून, सुटे करून, गंज काढून कमानीवाल्याकडून त्यांचा बाक परत आणून घ्या, तडा गेलेला पाटा बदला, मध्ये ग्रीस द्या, सगळे बुश आणि शॅकलचे रबर नवे टाका, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला. गाडी उभी दिसायला लागेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे मोकळे झाले की चाक खाली-वर जास्त जातं, आणि ऑफ-रोडला हेच लागतं. जिप्सीच्या डिफरन्शियलला लॉक नाही. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाकडे जाते आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. चाक जितका वेळ जमिनीला धरून राहील तितकं बरं. इथून तासाभरावर पिथमपूरला बनणाऱ्या फोर्स गुरखाला दोन्ही अ‍ॅक्सलला कारखान्यातूनच डिफ-लॉक मिळतं. पण तिचे अ‍ॅक्सल, शाफ्ट, गिअर तो ताण धरून आखलेले आहेत. जुन्या जिप्सीत बाहेरून लॉकर बसवला की पुढचा कमजोर दुवा कोणता, हे शाफ्ट तुटल्यावर कळतं. लॉकरचा विचार निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा गाडी चालवून झाल्यावर करा.

लांब शॅकल टाकून स्वस्तात उंची देणारे बरेच आहेत. ते मात्र अजिबात नको. जिप्सीत पुढे लांब शॅकल टाकलं की अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटायला लागते. प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात. चाक पूर्ण खाली लोंबलं की ब्रेकचा होज ताणला जातो. चार इंच लिफ्टमध्ये या प्रत्येक गोष्टीवर वेगळा इलाज करावा लागतो, आणि दोन लाखांच्या यादीत त्यातला एकही इलाज मला दिसला नाही.

टायर टाकलेत की हवेबद्दल शिका. मला विचाराल तर ऑफ-रोडचं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन टायरमधली हवा हेच आहे आणि ते फुकट आहे. डांबरावर कंपनीने सांगितलेली हवा ठेवा. कच्च्यात उतरलात की १८ पी.एस.आय.पर्यंत उतरवा. टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते, दगडावरून गाडी आपटत नाही तर टायर दगडाला गुंडाळून घेतो. तिथे ताशी २५-३० च्या वर जायचं नाही आणि डांबरावर येण्याआधी बॅटरीवर चालणाऱ्या कंप्रेसरने हवा परत भरायची. विंध्याचलाच्या उतारावर बेसॉल्टचे धारदार दगड आहेत, त्यांनी टायरची बाजू कापली जाते. म्हणून १८ च्या फार खाली जाऊ नका.

आणि काळी माती. भिजलेली काळी माती टायरच्या खाचांत पुरणासारखी ठासून बसते आणि मग कसलाही टायर असो, तो गुळगुळीत होतो. चिखलाचे खास टायर माती थोडी बाहेर फेकतात, पण चाक वेगात फिरवावं लागतं, आणि वेगात फिरणारं चाक खड्डा खणत जातं. जोरदार पाऊस झाल्यावर दोन दिवस कडक ऊन पडेपर्यंत शेतात गाडी घालू नका. तुमचं स्वतःचं शेत असलं तरी पडलेली चाकोरी पुढच्या पेरणीपर्यंत जात नाही. दुसऱ्याच्या बांधावरून, सोयाबीनमधून, जंगल खात्याच्या हद्दीतून वाट काढायची तर कधीच नाही. जानापाव आणि चोरलच्या बाजूला जी पायवाट दिसते ती बऱ्याचदा जंगलाची असते. परवानगी विचारल्याशिवाय चाक वाटेबाहेर काढू नका.

स्नॉर्केलऐवजी ब्रीदर. दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना हवा आत-बाहेर जायला छोटे ब्रीदर असतात. चालून गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. तेल दुधट झालं की समजायचं पाणी गेलं. या ब्रीदरना रबरी नळ्या जोडून त्या इंजिनखोलीत उंचावर नेऊन बांधल्या की काम झालं, खर्च नगण्य. स्नॉर्केल लावलेलं असलं की माणूस जायला नको तितक्या पाण्यात जातो. तुम्ही हबच्या (चाकाच्या मध्याच्या) वर पाणी असेल तिथे जाऊच नका, आणि चालत जाऊन तळ बघितल्याशिवाय तर कधीच नाही. आपल्या घाटातले ओढे वरच्या पावसाने मिनिटांत चढतात. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली ते इंदुरात कुणी विसरलेलं नाही.

विंच आणि लोखंडी बंपर मिळून पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे सत्तर-ऐंशी किलो टांगले जातात. एका टनाच्या गाडीला हे फार आहे. पुढचे पाटे बसतात, उतारावर नाक जड होतं, आणि पूर्ण ताणावर विंच जितका करंट ओढतो तितका जिप्सीचा अल्टरनेटर देऊच शकत नाही. त्यापेक्षा चासिसला हाय-टेन्साइल बोल्टने बसवलेले दोन मजबूत हुक पुढे, दोन मागे घ्या. एक चांगला दोर, ज्यावर त्याची क्षमता छापलेली आहे असा. दोर अडकवायला दोन डी-शॅकल, तेही क्षमता कोरलेले. फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. ट्रेलरच्या गोळ्याला किंवा बंपरला दोर कधीही अडकवू नका. तो सुटला तर गोळीसारखा येतो आणि त्याने माणसं गेलेली आहेत. दोरावर मधोमध जाड घोंगडी टाका, बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. आणि एकट्या गाडीने जाऊ नका.

कायद्याचं थोडक्यात पण नीट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं. म्हणजे तुमच्या यादीतलं लिफ्ट, बंपर आणि ३१ इंची टायर, सगळं याच्या कचाट्यात येतं. मी सुचवलेलं मापही कंपनीच्या मापापेक्षा वेगळं आहे, म्हणून टायर घेण्याआधी आर.टी.ओ.त विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाल्यावर दावा नाकारायला त्यांना न कळवलेला एक बदल पुरतो. २०२९ ला गाडी पुन्हा तपासणीला उभी राहणार आहे हेही लक्षात असू द्या. एलईडी बारने समोरच्याचे डोळे दिपतात आणि चिखलात रात्री जायची तुम्हाला गरज नाही, तो सोडाच.

आता मुलगी. या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. मागच्या आडव्या बाकाला ना बेल्ट आहे ना डोक्यामागे काही, आणि वर कापड. कच्च्या उतारावर गाडी आडवी झाली तर तिथे बसलेलं मूल बाहेर फेकलं जातं. यादीतल्या लोखंडावर खर्च होणार होते त्या पैशांतून मागे समोर तोंड असलेली सीट, तीन बिंदूंचे बेल्ट आणि चासिसला जोडलेला रोल केज करून घ्या, हेही आर.टी.ओ.ला विचारूनच. ते होईपर्यंत ती पुढच्या फेऱ्यांना घरी राहील. रडली तरी.

राहिले बाबा. ते "हात लावू नका" म्हणतात त्यात मला गाडीची काळजी ऐकू येते आणि ती खरी आहे. नागरिकांसाठी जिप्सी बनणं २०१९ ला थांबलं, कापलेले फेंडर परत येत नाहीत. त्यांना नवी यादी दाखवा: सील, बेअरिंग, पाटे, होज, टाकी. यातलं काहीही मूळ गाडी बिघडवत नाही, उलट ती पूर्ववत करतं. नकल उघडतील त्या दिवशी त्यांना गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसवा. ही गाडी लो रेंजमध्ये कुठल्या चढावर कशी वागते, पुढच्या हबचा नॉब कधी लॉक करायचा, घाटात क्लच न दाबता इंजिनच्या ताकदीवर कसं उतरायचं, हे त्यांना वर्षानुवर्षं त्याच वाटेवर करून माहीत आहे. पहिल्या काही फेऱ्यांना त्यांना शेजारी बसवा आणि तुम्ही दोघं आळीपाळीने चालवा. शेताच्या कोरड्या कोपऱ्यात दगड मांडून त्यांच्यावर एक-एक चाक चढवायचा सराव करा, बाहेर उभं राहून एकाने हाताने दिशा द्यायची. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, पाय पेडलवरून काढून.

किंगपिनचं बेअरिंग बाहेर काढल्यावर रोलर आणि कप या दोन्हींचे जवळून फोटो काढून पाठवा, गोळ्याचाही एक. गोळ्यावर खड्डे नखाला लागतील इतके खोल असतील तर तो पॉलिशने भागणार नाही, बदलावा लागेल, आणि तो लष्करी लिलावातून सुटलेल्या जिप्सीच्या सामानात मिळण्याची शक्यता चांगली आहे. महूच्या बाजूला असं सामान ठेवणारे आहेत, मिस्त्रीला विचारा.